दुसऱ्याच्या जिवाचे मोल

उच्च हेतूसाठी मनुष्याने आपला प्राण संकटात घालावा की नाही, ह्या प्रश्नाचा विचार पुष्कळांनी केला आहे. परंतु त्याच्या शेजारीच दुसरा एक प्रश्न उभा आहे, व त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. तो असा की, आपल्या हेतूसाठी दुसऱ्याचा प्राण संकटात घालण्याचा अधिकार आपणांस कितपत आहे? मजुरी ठरली आणि माणूस आपखुशीने आला, एवढ्याने तो अधिकार प्राप्त होतो काय? हिमालयावर चढू गेलेल्या पहिल्या इंग्रज मंडळींचा इतिहास ह्या विचारास फार साहाय्य करितो. म्हणून तो आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

सन १८९५ च्या ऑगस्टात ममरी नावाचे नामांकित इंग्रज गिर्यारोहक नंगा पर्वतावर गेले. एक उंच खिंड ओलांडावयास ते निघाले, ते पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडले नाहीत. ‘ममरी हरवले’ असे जगाने म्हटले. परंतु त्या दिवशी तिघे हरवले. रघुवीर थापा व गोमान सिंग हे दोघे गुरखे त्यांच्या समागमे होते. मोठ्या नावाच्या सावलीत लहान नावे अशी झाकून जातात.

पुढे १९२१, १९२२ व १९२४ ह्या साली तिबेटाच्या बाजूने एव्हरेस्ट शिखरावर तीन मोहिमा गेल्या. एवढ्या उंचीवर हवा इतकी विरळ असते की, दहा पावले टाकून माणसाने धापा टाकीत उभे राहावे. तेथे तंबू, अन्न व पांघरुणे पाठीवरून नेल्यावाचून चढणारांस एक रात्रही काढिता येत नाही. हे ओझे वाहण्यास नेपाळातील शेर्पा व तिबेटी वंशाचे भोटिया लोक लाविले होते. कामाच्या शोधार्थ दार्जिलिंगास आलेले हे गरीब, काटक व आनंदी लोक. बर्फावर चालण्याची कला त्यांतील बहुतेकांस साहेबांनीच तेथे शिकविली.

१९२२ च्या मोहिमेचे प्रमुख जनरल ब्रूस होते. मे महिन्यात दोनदा चढाई झाली. दुसऱ्या वेळी दोघेजण २७,३०० फुटांपर्यंत पोहोचले. तेवढ्यावर परतता आले असते. परंतु आणखी एकदा यत्न करावा असे ठरले. जूनच्या आरंभी पाऊसकाळ लागला व डोंगरावर बर्फाचा जाड थर पडला. एक दिवस ऊन पडले. तेवढ्याने बर्फ घट्ट बसला असेल असे समजून ७ जून रोजी मॅलरी, सॉमरवेल व क्रॉफर्ड हे तिघे चौदा हमालांसह उत्तरेकडील खिंडीच्या उतारावर चढू लागले. चार दोरांना बांधलेली चार टोळकी होती. साहेब पहिल्या दोरावर होते. दुपारी अकस्मात मोठा आवाज झाला व उतारावरचा ताजा बर्फ सर्वांस घेऊन खाली सरकला. पहिला दोर थोड्या अंतरावर थांबला. मागच्यांतील नऊ हमाल मात्र बर्फाच्या कड्यावरून खालच्या भेगेत कोसळले. सोबत्यांनी हातांनी व कुऱ्हाडींनी बर्फ उकरून दोघांस जिवंत बाहेर काढिले. सात मेले. तिघे साहेब सुखरूप राहिले.

आता कोणी म्हणेल, “ते हमाल स्वखुशीने आले होते, त्यांस वेतन मिळत होते, आणि साहेब मागे न बसता पुढे चालत होते; मग दोष कोणाचा?” ह्या म्हणण्यात सत्य आहे व ते नाकारू नये. मागे तंबूत बसून दुसऱ्यास मृत्यूच्या तोंडी धाडणारे ते नव्हते. तरीपण दोन गोष्टी राहतात. पहिली ही की, गरजेने दिलेला रुकार हा पुरा रुकार नव्हे. ज्याच्या घरी दाणा नाही त्यास “येतोस काय?” असे विचारिले असता उत्तर त्याची भूक देते. दुसरी ही की, कोणत्या दिवशी चढावे हे हमालाने ठरविले नव्हते. बर्फाचे ज्ञान ज्यांजवळ अधिक होते त्यांनी दिवस निवडिला. हमाल त्यांच्या भरवशावर दोराला बांधून घेऊन मागून चालला. ज्याच्यावर भरवसा ठेविला जातो त्याच्यावर हिशेबही अधिक येतो. हे त्या सज्जनांनीही ओळखिले. मॅलरी ह्यांनी दोष आपल्या माथी घेतला. सॉमरवेल ह्यांच्या मनास हे फारच लागले. आपल्यांपैकी एखादा त्या सातांबरोबर बर्फात पडला असता, तर हानीतही आपण वाटेकरी आहो हे उरलेल्यांस दिसले असते, अशा अर्थाचे त्यांनी पुढे लिहिले.

येथे दावीद राजाची गोष्ट आठवते. बेथलेहेमच्या वेशीजवळील विहिरीचे पाणी प्यावे असे त्याच्या मनात आले, आणि तिघा वीरांनी पलिष्ट्यांची छावणी फोडून ते आणिले. ते वीर स्वखुशीनेच गेले होते. तरी दाविदाने ते पाणी ओठांस लाविले नाही. जिवावर उदार होऊन आणिलेल्या त्या पाण्यात त्यास त्यांचे रक्त दिसले. आपल्या सहज इच्छेसाठी दुसऱ्याने केवढी किंमत दिली, हे ज्यास दिसते त्याचीच दृष्टी निर्मळ म्हणावी.

अशी दृष्टी आल्यावर काय घडते, ते १९२४ साली दिसून आले. मे महिन्यात चार हमाल त्याच खिंडीवर, सुमारे २३,००० फुटांवर, बर्फात अडकले. शिखरावर जाण्याकरिता राखलेले सर्वांत समर्थ पुरुष नॉर्टन, मॅलरी व सॉमरवेल हेच होते. आपली शक्ती येथे खर्ची पडली तर शिखर हातचे जाईल, हे त्यांस ठाऊक होते. तरी २४ मे रोजी तिघे वर गेले. सॉमरवेल पुढे होऊन त्या घातकी उतारावर आडवे चालले; परंतु हमाल दहाएक यार्डांवर असता दोर संपला. दोघे हमाल कसेबसे त्यांच्यापर्यंत आले. उरलेल्या दोघांच्या पायांखालचा बर्फ सुटला व ते घसरत जाऊन कड्याच्या काठाशी थांबले. तेव्हा सॉमरवेल ह्यांनी कुऱ्हाड बर्फात रोविली, अंगाचा दोर सोडून तिच्याभोवती घेतला, आणि त्याचे टोक एका हाती धरून दुसऱ्या हाताने एकेकाची मानगूट पकडून त्यांस वर ओढिले. चौघेही वाचले. पुढे ४ जून रोजी नॉर्टन २८,१२६ फुटांपर्यंत चढले व शिखर सुमारे ९०० फूट राहिले असता परतले. मॅलरी व आयर्विन ८ जून रोजी वर गेले, ते परत आले नाहीत. आम्हांस वाटते की, त्या मोहिमेचे खरे शिखर २४ मे रोजीच सर झाले.

हे सॉमरवेल वैद्यकीय मिशनरी होते. १९२२ च्या मोहिमेनंतर दक्षिण हिंदुस्थानात फिरताना त्रावणकोरातील नेय्यूरच्या मिशन दवाखान्यात रोग्यांची गर्दी व शस्त्रवैद्यांची वाण त्यांनी पाहिली, आणि लंडनातील मानाची वाट सोडून ते तेथे राहिले. सुमारे चाळीस वर्षे त्यांनी ह्या देशाची सेवा केली.

हा प्रश्न जुना झालेला नाही. १९५३ साली हिलरी ह्यांच्यासह शिखरावर उभे राहिलेले तेनसिंग नोर्गे १९३५ साली इंग्रजांच्या मोहिमेत हमाल म्हणूनच प्रथम गेले होते. ह्यावरून त्या लोकांची योग्यता दिसते. आणि १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या नेपाळकडील बाजूस बर्फाचा कडा कोसळून सोळा माणसे मेली, ती सर्व दुसऱ्यांसाठी वाट करणारी नेपाळी कामकरी होती.

आपल्या खेड्यांत हिमालय नाही. परंतु दोराचे वरचे टोक पुष्कळांच्या हाती आहे. सुरुंग उडाल्यावर कच्च्या विहिरीत मजूर उतरविणारा मालक, ऊसतोडीच्या गाडीवर माणसे खच्चून भरणारा मुकादम, पूर आला असता उपदेशकास नदीपलीकडच्या वाडीस धाडणारा पाळक, ह्या सर्वांनी स्वतःस तीन प्रश्न विचारावे. ज्या जागी मी ह्यास धाडितो तेथे मी स्वतः जाईन काय? पोटाची भाकर न गमाविता ह्यास “नाही” म्हणता येईल काय? आणि हा संकटात सापडला तर माझा हेतू बाजूस ठेवून मी ह्याच्याकडे धावेन काय? १९२२ च्या त्या मंडळींस पहिल्याचे उत्तर देता आले असते, दुसऱ्याचे नसते. तिसऱ्याचे उत्तर त्यांनी १९२४ साली आपल्या हातांनी दिले. मजुरीने माणसाचे श्रम विकत घेता येतात. त्याचा जीव मात्र आपणांकडे ठेव म्हणून येतो, आणि ठेव ही संध्याकाळी जशीच्या तशी घरी पोहोचती करावयाची असते.