देवाचे पाणी आणि बाजाराचे पाणी

गेल्या मार्गशीर्षातील गोष्ट. सकाळची पूजा चालू असता एक वयस्क शेतकरी मावशी कोथिंबिरीची जुडी व चार कोवळ्या काकड्या घेऊन देवळात आल्या. बळ्ळारी नाल्याच्या काठी त्यांचे थोडेसे शेत आहे. जुडी माझ्या हाती देताना त्या सहज बोलून गेल्या, "हे विहिरीवरच्या वाफ्यातलं आहे, धाकटे गुरुजी. देवाचं नि घरचं त्यातलंच. बाजाराचं नाल्यावरचं असतंय."

मावशींच्या भक्तीविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु ते वाक्य मनातून जाईना. देवास शुद्ध पाणी, घरच्यांस शुद्ध पाणी, आणि अनोळखी माणसाच्या ताटास गटाराचे पाणी, ही वाटणी धर्मास मान्य होईल काय? मी शाळेपुरता शिकलेला, शास्त्री नव्हे. तथापि हा प्रश्न आपणां सर्वांपुढे ठेवावा असे वाटले.

वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारातून वाहणारा हा नाला आपणांस अपरिचित नाही. याच शिवारातील बासमतीचा सुवास आपल्या वाडवडिलांनी अभिमानाने सांगितला. आज त्या नाल्यातून शहराचे सांडपाणी वाहते. पावसाळ्यात तो फुगला म्हणजे भातावर पसरतो; उन्हाळ्यात विहिरी आटल्या म्हणजे शेतकरी त्यालाच मोटर लावतो. पुढे हे पाणी मार्कंडेयेत, तेथून घटप्रभेत व अखेर कृष्णेत जाते. निपाणीकडील मंडळींनी पौर्णिमेस वाडीला जाताना पंचगंगा पाहिलीच असेल. कोल्हापूर व इचलकरंजीचे सांडपाणी पोटात घेऊन, ठिकठिकाणी जलपर्णीने झाकलेली ती नदी नरसोबावाडीस कृष्णेला मिळते, आणि तीच कृष्णा पुढे चिकोडी भागातील पिके पोसते.

यात फसवणूक अशी की, मैलापाण्यातील नत्र व स्फुरद यांमुळे पीक अधिकच हिरवेगार दिसते. डोळ्यांस दोष दिसत नाही. परंतु त्याच पाण्यातून हगवणीचे जंतू व जंतांची अंडी पालेभाजीवर बसतात. जंतांची अंडी तर मातीत कित्येक महिने जिवंत राहतात. अनवाणी पायांनी चिखलात राबणाऱ्या मजुरास त्यांची बाधा सर्वांआधी होते. पाण्यातील सोडियमसारखे क्षार काळ्या जमिनीची घडण बिघडवतात. कारखान्याचे पाणी मिसळले असेल तर जड धातू पिकात उतरतात, आणि अन्न कितीही शिजवले तरी ते जात नाहीत. जपानात तोयामा प्रांतातील जिंझू नदीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. वरच्या खाणीतील कॅडमियम नदीत आले, नदीचे पाणी भातशेतीत गेले, आणि तो भात वर्षानुवर्षे खाणाऱ्यांची, विशेषतः स्त्रियांची, हाडे ठिसूळ झाली. रोगी वेदनेने जे ओरडत, तेच त्या रोगाचे नाव पडले : इताई-इताई, म्हणजे 'दुखते, दुखते'. हा रोग प्रदूषणामुळे झाला हे तेथील सरकारने १९६८ साली मान्य केले. आपल्या नाल्यात तेच विष आहे असे माझे म्हणणे नाही. नदीत टाकलेले परत आपल्याच ताटात येते, एवढेच सांगावयाचे आहे.

आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उपयोगानुसार पाण्याचे पाच वर्ग केले आहेत. स्नानाच्या पाण्यात दर १०० मिलिलिटरमागे कोलिफॉर्म जंतू ५०० हून अधिक नसावेत, असा त्यांत दंडक आहे. शेतीच्या पाण्यास मात्र आम्लता, क्षार, सोडियम व बोरॉन यांची मर्यादा आहे, जंतूंची नाही. अंगावर घ्यावयाच्या पाण्याची जी चौकशी होते, ती कोशिंबिरीत जाणाऱ्या पाण्याची होत नाही!

मग दोष कोणाचा? मावशींस दोषी ठरविणे सोपे आहे. परंतु तो मैला त्यांचा नव्हे. त्यांस दुसरे पाणी मिळत नाही, आणि वर्षाचे पोट त्या दोन वाफ्यांवर आहे. मैला आपल्या घरांचा आहे. त्या दिवशी मी प्रथमच आपल्या मंदिराच्या मोरीमागे चालत गेलो. भांडी धुतलेले, न्हाणीचे, शौचकूपाचे सारे पाणी त्याच गटारात व पुढे त्याच नाल्यात जाते. ज्या हातांनी आम्ही कलशात सप्तनद्यांचे आवाहन करतो, त्याच हातांनी हेही करतो. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाण्यात मलमूत्र, थुंकी वा विष टाकू नये असा स्पष्ट निषेध आहे. नदी माता आहे, ती कधी अपवित्र होत नाही, असे कोणी म्हणेल. मान्य आहे. पण मातेचे पावित्र्य अढळ आहे म्हणून तिला विष पाजावे काय? पावित्र्य ही आपली श्रद्धा आहे. स्वच्छता हे आपले कर्तव्य आहे. एकीने दुसरीची फेड होत नाही.

सांडपाणी शुद्ध करूनच सोडणे हे नगरपालिकांचे व कारखान्यांचे काम, आणि ते त्यांच्याकडून करवून घेणे हे नागरिकांचे. तोवर कच्च्या खाण्याच्या भाज्या तरी विहिरीवर घ्याव्यात, काढणीपूर्वी काही दिवस नाल्याचे पाणी बंद ठेवावे, आणि भाजी नाल्यात न धुता स्वच्छ पाण्याने धुवावी. विहिरीवरच्या जुडीस दोन रुपये अधिक देण्याची तयारी आपण गिऱ्हाइकांनीही ठेवावी.

कसोटी एकच : जे मी माझ्या लेकराच्या ताटात वाढणार नाही, ते दुसऱ्याच्या ताटात जाऊ देणार नाही. ती शेतकऱ्यास लागू आहे, तशीच मोरी सोडणाऱ्यासही.

मावशींस मी अद्याप काही बोललो नाही. तीर्थरूपांस विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "आधी आपली मोरी पाहा." म्हणून येत्या सभेत मंदिराच्या सांडपाण्याची व्यवस्था मंदिराच्या आवारातच करण्याचा विषय घ्यावा, अशी सभासदांस नम्र विनंती आहे. ते काम झाल्यावर मावशींशी बोलण्याचा अधिकार मला येईल.