आरशात न दिसणारी बाजू

चाकणच्या चौकात मालाने भरलेला ट्रेलर डावीकडे वळतो, तेव्हा चालकाला सर्व काही दिसत नसते. आपल्याकडे त्याचे आसन उजवीकडे असते; डाव्या दाराखालचा भाग आरशाच्याही कक्षेबाहेर राहतो. चालकाची नजर उत्तम असते, आरसेही स्वच्छ असतात. तरीही तेथे असलेला दुचाकीस्वार त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतो. दुचाकीस्वाराला मात्र ट्रेलरचे चाक स्पष्ट दिसत असते.

मनाचीही अशी एक बाजू असते. समजा, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना मजूर पुरविणारा एखादा ठेकेदार पाच वेळा नमाज अदा करतो, जकात हिशेबाने काढतो. रात्री तो आत्मपरीक्षण करतो, तेव्हा नमाज चुकलेली नसते, रोजा सुटलेला नसतो. परंतु मजुरी थकलेला कामगार त्या परीक्षणात येतच नाही. ‘बिल वरूनच अडले आहे,’ ही सबब त्याच्या मनाने केव्हाच स्वीकारलेली असते. तो ढोंगी नाही, आणि चिंतेची बाब नेमकी हीच आहे.

सूरह अल-कियामा (७५:१४-१५) सांगते की, मनुष्य कितीही सबबी पुढे करो, तो स्वतःला ओळखून असतो. म्हणजे आतली जाणीव मेलेली नसते. ती सबबींच्या पडद्याआड जाते. ज्याने पडदा लावला त्यानेच तपासणी केली, तर दोष सापडणार कसा? कारखान्यातही सुटा भाग घडविणारा एक आणि त्याची अखेरची तपासणी करणारा दुसरा असतो.

म्हणूनच आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका श्रद्धावंताला दुसऱ्या श्रद्धावंताचा आरसा म्हटले. इमाम गझाली (रह.) यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’मध्ये स्वतःचे दोष जाणण्याचे चार मार्ग सांगितले आहेत: जाणकार मार्गदर्शक, सत्यवचनी मित्र, शत्रूची टीका आणि इतरांत दिसणारे दोष स्वतःत शोधणे. शत्रूलाही त्यांनी उपयोगी मानले, कारण तो भीड ठेवीत नाही.

परंतु ज्याची भाकरी आपल्या हातात आहे, तो ना शत्रूसारखा बोलू शकतो, ना मित्रासारखा. तो गप्प राहतो आणि त्याच्या मौनाला आपण समाधान समजतो. प्रेषितांनी (स.) घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची ताकीद दिली. नमाज-रोजे घेऊन आलेला, पण लोकांचे हक्क बुडविलेला मनुष्य कियामतच्या दिवशी दिवाळखोर ठरेल, असेही त्यांनी बजावले. त्या दिवशी फिर्यादी तोच असेल, जो आज आपल्याला दिसत नाही.

तेव्हा आज रात्री आत्मपरीक्षणाला बसण्याआधी आपल्या हाताखालच्या एका माणसाला विचारावे, “माझ्याकडून तुझा कोणता हक्क राहिला आहे?” उत्तर ऐकताना सबब सांगू नये. जे राहिले असेल ते चुकते करावे आणि मगच तौबा करावी.

अल्लाह आपल्याला आपले दोष पाहण्याची दृष्टी आणि ते दुरुस्त करण्याचे सामर्थ्य देवो. आमीन.