खिडकीतून पडणारे रुमाल

मंचर किंवा नारायणगावच्या स्टँडवर एसटी लागली, की आधी खिडक्यांतून रुमाल आत पडतात. जागा धरली! कडेवर मूल असलेली बाई सगळ्यात शेवटी चढते. रुमाल टाकायला तिचा हात मोकळा कुठे असतो? १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, पण जागा मिळेलच असं नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, मग सीट कशाला, असंही कुणी म्हणतं. अहो, ते मांडीवरच बसेल, पण आईला आधी बसू तर द्या! खिडकीवर ‘राखीव’ लिहिलेलं नसलं तरी उठता येतं, कंडक्टरने सांगायच्या आधी. उपकाराचा चेहरा मात्र नको. नारायणगाव-जुन्नर जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर, तेवढं उभं राहता येतं. तुमचे गुडघे दुखत असतील, तर निदान तिची पिशवी मांडीवर घ्या.