जाणण्याचा अधिकार कुणाचा?

ड्यूशेन या फ्रेंच डॉक्टरच्या नावाने ओळखला जाणारा स्नायुक्षय बहुधा मुलग्यांनाच होतो. चार-पाच वर्षांचे पोर जिन्यावर अडखळते, मांड्यांवर हात टेकून उठते. बाराव्या वर्षाच्या सुमारास बहुधा चाकाची खुर्ची लागते. १९८७ साली डिस्ट्रोफिन हे प्रथिन ओळखू आले. आता थोड्या रक्तावरून जनुकातला दोष सापडतो.

दोष आईकडून आला असेल, तर निरोगी बहिणीतही तो असण्याचा संभव निम्मा. मग घरात प्रश्न निघतो : तिचेही रक्त तपासावे काय? "एकदाचे कळले म्हणजे बरे," असे आईबाप म्हणतात. त्यांची तळमळ खोटी नसते. परंतु मुलाच्या निदानाने त्याच्या उपचाराची दिशा ठरते. सात वर्षांच्या निरोगी मुलीला त्या उत्तराचा काय उपयोग? उपयोग तिच्या लग्नाची आतापासून काळजी वाहणाऱ्यांना! तिच्यावर मात्र रोगावाचून शिक्का बसतो.

म्हणून लपवावे, असे मी म्हणत नाही. ती जाणती झाली की सारे सांगावे. तपासायचे की नाही, ते तिने ठरवावे. मुलीचे दागिने आपण ती मोठी होईपर्यंत जपतोच ना? हा निर्णयही तिचाच आहे. तोही तसाच जपावा.