क्रुसासमोरचा मुस्लिम प्रेक्षक

येशूवरचा चित्रपट पाहून परधर्मीय प्रेक्षकाच्या मनात काय उमटते, याचे उदाहरण मराठी वाचकाला लांब जाऊन शोधावे लागत नाही. दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत 'द लाइफ ऑफ ख्राइस्ट' हा मूकपट पाहिला, पडद्यावर ख्रिस्त वावरत असताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहिले, आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला. फाळक्यांना ख्रिस्ताच्या जागी आपली दैवते पाहता आली, कारण पडद्यावरचा पुरुष त्यांच्या लेखी दुसऱ्यांचा होता. मुस्लिम प्रेक्षकाला ही सोय नाही. हजरत ईसा त्याचेही आहेत. कुमारी मरियमच्या पोटी झालेला त्यांचा जन्म, पाळण्यातले बोलणे, आंधळ्याला दिलेली दृष्टी, मेलेल्याला उठवणे हे सारे कुराणात आहे. फक्त तिथे ते देवाचे पुत्र नाहीत, आणि सूरा निसाच्या १५७व्या आयतीनुसार त्यांना कुणी ठार केले नाही की क्रुसावर चढवले नाही. लोकांना तसा भास झाला. ख्रिस्ती कथेचा जिथे कळस, तिथेच मुसलमान म्हणतो की हे घडलेच नाही. मग क्रुसावर संपणारा चित्रपट त्याने कसा पाहावा? मला वाटते, न घडलेल्या मृत्यूवर अडून न बसता त्याने घडलेल्या निर्णयाकडे पाहावे. एका निरपराध माणसाला मारायचे असे एका शहराने ठरवले, हे दोन्ही धर्मांना मान्य आहे.

मेल गिब्सनचा 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' २००४ मध्ये आला तेव्हा बहुतेक मुस्लिम प्रतिक्रियांनी नेमके हेच टाळले. कतार, संयुक्त अरब अमिराती, जॉर्डन, लेबनॉन, इजिप्त येथे तो चित्रपटगृहांत लागला आणि गर्दीही झाली. कुवेतमध्ये मात्र पैगंबरांचे चित्रण निषिद्ध म्हणून तो अडला, तेव्हा तिथल्या एका शिया धर्मगुरूंनी तो दाखवाच असा आग्रह धरला. कारण काय, तर यहुद्यांनी ईसांवर केलेले गुन्हे त्यातून उघड होतात. या युक्तिवादातली विसंगती त्यांना जाणवली नसावी, किंवा जाणवूनही नकोशी झाली असावी. ज्या आयतीवर आपली श्रद्धा आहे ती सांगते की, 'आम्ही मसीहाला मारले' ही फुशारकीच खोटी. मग जो वध झालाच नाही त्याचा आरोप यहुद्यांवर ठेवायला मुसलमान सर्वांत शेवटी उभा राहायला हवा. त्यातून कुणी म्हणेल, वध नसेल पण हेतू तर होता ना? होता, पण तो त्या दिवशी तिथे असलेल्या काही माणसांचा. एकाचे ओझे दुसऱ्याने वाहायचे नाही, हे कुराणानेच सांगितले आहे. दोन हजार वर्षांनंतरच्या माणसाच्या माथी ते मारणाऱ्याने शुभवर्तमानाबरोबर आपल्या किताबालाही बाजूला सारलेले असते. गिब्सन स्वतः या बाबतीत निर्दोष नाही. शुभवर्तमानांखेरीज त्याने अॅन कॅथरीन एमरिक या जर्मन जोगिणीच्या दृष्टान्तांचा आधार घेतला; आणि 'याचे रक्त आमच्यावर व आमच्या मुलाबाळांवर असो' हा मत्तयमधला जमावाचा उद्गार वाद झाल्यावर उपशीर्षकांतून काढला, अरामी संवादात मात्र ठेवला.

एक गंभीर आक्षेप असा की, पापमुक्तीवर विश्वास नसलेल्या प्रेक्षकाला हा चित्रपट अर्धाच दिसतो. ख्रिस्ती भाविकाच्या दृष्टीने प्रत्येक फटक्याला अर्थ आहे, तो त्याच्यासाठी सोसलेला आहे. मुसलमानाला दिसतो तो एका पैगंबराचा छळ, तोही लांबलचक. आक्षेप खरा आहे आणि तो मान्य करायला संकोच नको. पण चित्रपटाचा स्वतःचा अपुरेपणा वेगळाच आहे. ज्या ईसांना मुसलमान उपदेशक आणि दुःखितांचा कैवारी म्हणून ओळखतो, त्यांच्या वाट्याला गिब्सनने काही तुटक स्मृतिदृश्ये दिली. त्यापेक्षा पासोलिनीचा १९६४ चा मत्तयच्या शुभवर्तमानावरील चित्रपट मला जवळचा वाटतो. मार्क्सवादी आणि नास्तिक दिग्दर्शकाने काढलेला, पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीला अर्पण केलेला हा चित्रपट. त्यातला येशू भराभर चालतो, चालता चालता बोलतो, श्रीमंतांवर चिडतो. श्रद्धा नसलेल्याला इतके दिसू शकते, तर वेगळी श्रद्धा असलेल्याला का दिसू नये?

दुसरा मार्ग म्हणजे कथा स्वतःच 'दुरुस्त' करणे. इराणचे नादेर तालेबजादे यांनी ते करून पाहिले. गिब्सनच्या चित्रपटानंतर काही वर्षांत आलेल्या त्यांच्या ईसांवरील चित्रपटाला दोन शेवट आहेत: आधी ख्रिस्ती शेवट, मग इस्लामी. दुसऱ्यात ईसांना धरून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत याचा चेहरा ईसांसारखा होतो आणि क्रुसावर तो चढतो. दोन्ही शेवट शेजारी ठेवण्याचे सौजन्य कौतुकास्पद आहे. मात्र आधार निवडला तो बर्नबासच्या शुभवर्तमानाचा. या ग्रंथात दर शंभर वर्षांनी येणाऱ्या जयंतीवर्षाचा उल्लेख आहे, आणि ती प्रथा पोप आठवे बोनिफेस यांनी १३०० मध्ये सुरू केली; म्हणजे ग्रंथ त्यानंतरचा, येशूच्या काळातला नव्हे. शिवाय त्यात येशू स्वतः मसीहा असल्याचे नाकारतात, तर कुराण त्यांना पुन्हा पुन्हा मसीहाच म्हणते. ख्रिस्त्यांना खोटे पाडण्याच्या नादात मुसलमानाने आपल्याच किताबाशी भांडणारा ग्रंथ हाती धरावा, हे नवल आहे. कलेच्या बाजूनेही हा शेवट फिका पडतो. क्रुसावर यहूदा आला की गोष्ट फितुराच्या शिक्षेची होते, पाहणाऱ्याला हायसे वाटते आणि शहराने घेतलेला निर्णय विसरला जातो.

असे होणे अटळ नव्हते, हे इजिप्तच्या मुहम्मद कामिल हुसेन यांनी अर्धशतक आधीच दाखवून दिले होते. पेशाने शल्यचिकित्सक असलेल्या या मुस्लिम लेखकाने १९५४ मध्ये जेरुसलेममधल्या क्रुसाच्या त्या एका शुक्रवारावर कादंबरी लिहिली. क्रुसावर काय झाले ते त्यांनी दाखवले नाही. त्यांनी पाहिले ते यहुदी, शिष्य आणि रोमन या तिन्ही गोटांत भली माणसे आपल्या सदसद्विवेकाची समजूत कशी घालतात, हे. मृत्यू झाला की नाही यावरचा मतभेद तिथे तसाच राहतो, आणि तरीही ख्रिस्ती व मुस्लिम वाचक एकाच प्रश्नासमोर येतात.

ईसांवर चित्रपट काढू पाहणाऱ्या मुस्लिम दिग्दर्शकाला बर्नबासकडे जाण्याची गरजही नाही. तबरी आणि इब्न कसीर यांच्या तफसीरमध्ये, म्हणजे कुराणावरील भाष्यात, एक वेगळी कथा नोंदलेली आहे. ईसा आपल्या सोबत्यांना विचारतात, माझे रूप घेऊन माझ्या जागी मरायला कोण तयार आहे? एक जण पुढे येतो. इब्न कसीर त्याला त्या सर्वांत तरुण म्हणतात. त्याला कुणी फसवलेले नाही, तो फितूरही नाही. समोर काय आहे हे जाणून तो जातो. चित्रपट जर काढायचाच असेल, तर या तरुणाची गोष्ट सांगा.