अडलेले झाकण

आरे कॉलनीतील आमच्या बिऱ्हाडी शॉवर गळू लागला. वायसर बदलणे तसे सोपे. पण वरचे पितळी झाकण काही केल्या हलेना. शेजारी म्हणाले, “मास्तर, हातोडा घाला, नाहीतर नाद सोडा!”

माणसापुढे एवढे दोनच मार्ग असतात काय? सेकंदाला एक थेंब म्हटला, तरी दिवसाला ४ लिटरांहून अधिक पाणी जाते. शहापूर तालुक्यातील तानसा १८९२ पासून मुंबईची तहान भागवीत आहे. आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडाभर पाण्यासाठी वणवण करतात. तेव्हा नाद सोडणे हा अन्यायच. आणि हातोड्याने झाकणाबरोबर भिंतीतला नळही दुखावतो.

झाकण हट्टाने थोडेच अडते? आट्यांत क्षार साचतात. व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके रात्रभर गुंडाळून ठेवावे. क्षार विरघळतात, झाकण बहुधा हातानेच फिरते.

वर्गातल्या अबोल मुलाचे, घरातल्या रुसलेल्या माणसाचे तरी याहून वेगळे काय असते? आपण छडी उगारतो, किंवा पाठ फिरवितो. आत काय साचले आहे, हे विचारून त्याच्यापाशी रात्रभर बसणारा मात्र विरळा.