तीन तेरा नऊ अठरा

नळदुर्गातल्या दोघा भावांनी दसऱ्याला दोन टेम्पो घेतले. टोमॅटो भरायचे आणि सोलापूरच्या मार्केट यार्डात टाकायचे, हा धंदा. नऊचा आकडा लाभतो, असं थोरल्याच्या कुणीतरी डोक्यात भरवलेलं. त्यानं धाराशिवच्या आरटीओत जादा पैसे भरून 9999 घेतला. धाकट्याला रांगेत आला तो नंबर मिळाला, 3172. बेरीज तेरा.

"तीन तेरा नऊ अठरा झालं की रं तुझं!" थोरला म्हणाला. तेव्हापासून टायर पंक्चर झालं तरी धाकटा आधी नंबरप्लेटकडं बघायचा.

एकदा बसस्टँडजवळच्या हॉटेलात गणिताच्या निवृत्त गुरुजींनी दोघांना गाठलं. कागद पुढं ओढला. "नंबरातले अंक उतरत्या क्रमानं मांडा, मग चढत्या, आणि मोठ्यातून लहान वजा करा."

थोरल्याचं एका ओळीत आटोपलं. 9999 वजा 9999, शून्य.

धाकट्याचं लांबलं. 7321 वजा 1237, उत्तर 6084. तेच अंक परत मांडून 8172. मग 7443, 3996, 6264, 4176 आणि सातव्या खेपेला 6174.

"आता हा मांड."

7641 वजा 1467. पुन्हा 6174.

"आता रात्रभर कर, हलायचा नाही," गुरुजी म्हणाले. "चारही अंक सारखे नसले, की कुठलीही चार अंकी संख्या सात वजाबाक्यांत इथंच येते. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी हे 1949 मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं. त्यांच्याकडं लक्ष कोण देतो? 1975 मध्ये मार्टिन गार्डनरनं अमेरिकेतल्या मासिकात लिहिलं, तेव्हा कुठं जगाला मास्तर कळले."

मग धाकट्याकडं वळले. "तेराला भितोस? 3172 ला तेरानं भाग. 244, बाकी शून्य. आपल्याच अंकांच्या बेरजेनं जी संख्या पुरती भागली जाते, तिला कापरेकरांनी हर्षद म्हटलं. आनंद देणारी. 9999 ची बेरीज 36. जातो का भाग? आणि नऊच पाहिजे असेल तर ह्या कागदावर बघ. 6084 ची बेरीज 18, एक आणि आठ नऊ. खालच्या प्रत्येक उत्तरात नऊ आहे, फुकटात."

थोरला चहात बघत राहिला. धाकटा मात्र फुलला. "म्हंजे गुरुजी, माझाच नंबर लाभाचा?"

"झालं! एक खूळ गेलं, दुसरं आलं. अरे, हर्षद संख्यांना तोटा नाही, आणि डिझेल त्यांनाही तेवढंच लागतं. कापरेकर आकडा कसा वागतो एवढंच बघत बसले, जन्मभर. तू ऑइल कधी बदललंस ते सांग."

वाचकहो, तुमच्याही गाडीचा नंबर मांडून बघा. मध्येच तीन अंकी उत्तर आलं तर पुढं शून्य धरा. आठवी वजाबाकी करायची वेळ आली, तर आधीच्या सातांत कुठंतरी हातचा चुकलेला आहे.